नासपतीच्या लाकडाची पट्टी

ऑनफ्लर, ८ नोव्हेंबर १७७४

तीर्थस्वरूप उर्स्युलताईस,

धाकटा भाऊ आन्सेल्म याचा कोपरापासून नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात क्षेम फक्त मांजराचं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? (गेला असेल तर तो माझ्याकडे आलाय, काळजी नसावी.) तू विणून पाठवलेले मोजे पोचले. एक गुडघ्यापर्यंत येतो, दुसरा घोट्यापाशीच दमतो, पण ऊब दोन्हींत सारखी आहे. मासळीची गाडी गेल्या आठवड्यात रुआँला आली असेल आणि गाडीवाल्याने तुझ्या दारात उभं राहून माझ्याबद्दल काहीबाही सांगितलं असेल, तर त्यातल्या अर्ध्यावर विश्वास ठेवू नकोस. कुठल्या अर्ध्यावर, ते कळण्यासाठी तुला हे पत्र शेवटपर्यंत वाचावं लागेल. मी थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण संताप थोडक्यात मावत नाही.

दरवर्षी सफरचंदं उतरली, त्यांची सायडर दारू गाळून झाली की गावातल्या बायका उन्हाळाभर घामेजलेले कॉर्सेट माझ्याकडे आणून टाकतात. तुझं बालपण याच दुकानात गेलं, तुला काय सांगायचं. पण दाजी हे पत्र वाचणारच (वाचू नका, दाजी), आणि त्यांची समजूत अशी की कॉर्सेट म्हणजे कापड आणि नाडी. दाजी, तागाच्या कापडाचे दोन थर, त्यांना पिठाची खळ, ती वाळून पत्र्यासारखी झाली की त्यावर एकाला एक लागून शिवलेल्या उभ्या नळ्या, इंचाला बारा टाके, आणि प्रत्येक नळीत देवमाशाच्या हाडाची एक काडी. (हाड नव्हेच ते. या जातीच्या देवमाशाला दात नसतात. त्या जागी टाळूला झालर लोंबते, ती. पण ‘माशाच्या तोंडातली झालर’ म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून हाड.) अशा शंभरावर काड्या. गरम पाण्यात मऊ करायच्या, सुरीने उभ्या चिरायच्या, घासायच्या आणि वरून एकेक ढकलायच्या. शेवटची बसेपर्यंत अंगठ्याचं कातडं जातं. कडेला कोकराचं मऊ कातडं, मागे हाताने गुंफलेली भोकं, त्यांतून नागमोडी जाणारी एकच लांब नाडी. आपले खापरपणजोबा म्हणे लोखंडाचे कॉर्सेट करायचे, बिजागऱ्यांसकट. मग त्यांना लोहार का म्हणत नव्हते, हे मला अजून कळलेलं नाही. आणि हल्ली पॅरिसचे वैद्य पुस्तकं लिहायला लागलेत की कॉर्सेटमुळे बरगड्या वाकतात आणि यकृत जागचं हलतं. मी चाळीस वर्षं या गावाच्या पाठी सरळ करतोय, एकीचंही यकृत हललेलं नाही. माझं मात्र या पंधरवड्यात हललं, तेही कॉर्सेट न घालता.

या सगळ्या डोलाऱ्याच्या मधोमध, पुढे, छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत एक लाकडी पट्टी असते. ती शिवलेली नसते, आतल्या खिशात वरून सरकवायची आणि रिबिनीने बांधायची. सगळा ताठा तिचा. आणि आपल्याकडची रीत तू विसरली नसशील: लग्न ठरलेला मुलगा ती पट्टी स्वतः कोरतो. पक्षी, नांगर, बदाम आणि चार ओळी. कोरलेली बाजू आत, अंगाकडे. नाव घालायचं नाही. जिचं तिला ठाऊक असतं. ज्याला लग्न मोडायचं असेल आणि तोंडाने बोलायची हिंमत नसेल, तो कोरी पट्टी पाठवतो. म्हणजे, ‘तुला सांगण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.’ पट्टी मुलीच्या हातात देत नाहीत, आमच्याकडे देतात, आणि आम्ही ती बसवून कॉर्सेट घरी पोचता करतो. बाबांचा नियम तूच माझ्याकडून पाठ करून घेतला होतास: कोरलेली बाजू बघायची नाही, पट्टी पालथी ठेवायची, पालथीच बसवायची. ज्याने वाचलं त्याने दुकानाला कुलूप लावावं. चाळीस वर्षांत मी एकही पट्टी उलटून पाहिलेली नाही. ताई, मला बुडवलं ते या नियमानेच.

झालं असं. रेमी ओसेन म्हणून जहाजावर पिंपं बांधणारा एक दांडगा मुलगा आहे, त्याचं दोर वळणाऱ्याच्या नानेतशी ठरलं. कोरायला चांगलं लाकूड द्या म्हणून तो माझ्याकडे आला. मी हौसेने नासपतीची जुनी फळी काढली आणि तिच्यातून दोन पट्ट्या कापल्या. एक रेमीला दिली. दुसरी बार्ब लकानूसाठी ठेवली. (लकानूबाई म्हणजे धक्क्यामागे हेरिंग मासे धुरावायला टांगते, ती. नवरा जहाजांचा वाटाड्या होता, बंदराच्या तोंडाशीच बुडाला, त्याला चौदा वर्षं झाली. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती एका खलाशाला टोपलीने मारत होती.) तिची जुनी पट्टी तडकली होती. नानेत उंच, तिला चौदा इंची पट्टी शोभते. लकानूबाईला बारा पुरे. पण तिने ऐकलं तर ना! “बारा इंचांत माझं काय होतंय, मास्तर? मी दिवसभर वाकून मासे उलथते. मला कणा द्या, काडी नको.” दिली चौदा. खाली बसली की हनुवटीला लागेल, पण तिची हनुवटी, तिचा प्रश्न.

रेमीने पट्टी कोरून आणली आणि मी मान वळवून, हात लांब करून, ती पालथी टेबलावर ठेवली. शेजारी लकानूबाईची कोरी, तीही सवयीने पालथी. एकाच फळीच्या, एकाच लांबीच्या, माझ्याच हाताने घासलेल्या दोन पट्ट्या. दुसऱ्या दिवशी रविवार, दोन्ही कॉर्सेट प्रार्थनेच्या आधी पोचायला हवे होते. एक क्षण, नुसता एक क्षण उलटून पाहिलं असतं तर! पण मी प्रामाणिक माणूस. मी न बघता बसवल्या, न बघता बांधल्या आणि रेमीचं काळीज लकानूबाईच्या घरी पाठवून दिलं.

त्या रविवारी चर्चमध्ये रेमी-नानेतच्या लग्नाची, तीन रविवार पुकारायच्या हाकांपैकी पहिली हाक झाली. नानेत रडत होती. सगळ्यांना वाटलं, आनंद. बाहेर आल्यावर तिने शालीखालून पट्टी काढली, रेमीच्या हातात ठेवली आणि न बोलता निघून गेली. रेमीने उलटसुलट करून पाहिली तर कोरी. आता त्याची बाजू बघ: त्याला वाटलं, आपली कोरलेली पट्टी ठेवून घेऊन हिने आपल्याला कोरी परत केली. त्याने ती गुडघ्यावर मोडली आणि धक्क्यावरून समुद्रात फेकली. (नासपतीचं लाकूड! सात वर्षं सावलीत वाळवलेलं!) म्हणजे दोघांनाही वाटतंय की समोरच्याने मोडलं, आणि दोघंही इतकी मानी की पाद्रीबाबांकडे जाऊन लग्न रद्द करा असं सांगायला कुणी पहिलं जाईना. दुसरी हाकही झाली. दोघं दोन टोकांना, दोघांची तोंडं भिंतीकडे. तिसरी हाक सहा तारखेला. तोवर दोघांतल्या एकाने जरी पाद्रीबाबांना सांगितलं असतं तर लग्न मोडलं. पुढे नाताळआधीचे उपास लागतात, लग्नं बंद, आणि नवं वर्ष लागलं की रेमी कॉड मासे पकडायला न्यूफाउंडलंडकडे जाणार, तो ऑक्टोबरपर्यंत नाही.

माझा घोळ मला पहिल्या हाकेच्या रविवारीच दुपारी कळला. कुणी सांगायला नको, मी माझ्या लाकडाचे कोरे तुकडे तरंगताना पाहिले. तू म्हणशील, मग लगेच जाऊन सांगितलं का नाहीस? ताई, ज्याने एका पोराचे शब्द भलत्याच बाईच्या छातीशी नेऊन बसवले, त्याच्या हातात ऑनफ्लरमधला कोण पुन्हा पट्टी देईल? आजोबांचं दुकान, बाबांचं दुकान, आणि बुडवणारा मी. मी घाबरलो. हे मी दाजींसमोर कबूल करणार नाही (दाजी, पान उलटा), पण तुझ्यापाशी करतो. मी ठरवलं की रेमीची पट्टी लकानूबाईकडून गुपचूप काढून घ्यायची, नानेतकडे पोचवायची, आणि मग काहीतरी थाप मारायची. काढून घ्यायची! बाईच्या कॉर्सेटमधून! हे वाक्य मी तेव्हा मनातल्या मनात म्हटलं होतं, त्यामुळे ते कसं ऐकू येतं हे माझ्या लक्षात आलं नाही.

तिकडे लकानूबाईला सोमवारभर काहीतरी टोचत राहिलं. तिला वाटलं लाकडाला फाटा निघालाय. माझ्या नावाने खडे फोडत तिने पट्टी ओढून काढली तर आतल्या बाजूला दोन पक्षी, एक नांगर, एक बदाम आणि अक्षरं. (पक्षी मी नंतर पाहिले. बटाट्यांना चोच काढल्यासारखे आहेत.) तिला वाचता येत नाही. मंगळवारी ती पट्टी घेऊन पाद्रीबाबांकडे गेली. पाद्रीबाबा आता ठार बहिरे झालेत, त्यामुळे जगाला आपल्याइतकंच ऐकू येतं असं समजून बोलतात. मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस. ते चर्चच्या पायरीवर उभे राहिले, पट्टी लांब धरली आणि प्रवचनाच्या आवाजात वाचलं:

वारा फिरो, भरती फिरो, मी नाही हलणार,
तुझ्या श्वासाच्या शेजारी माझं घर असणार.
दूर गेलं गलबत तरी मी इथेच राहीन,
जिथे जिथे वाकशील तू, तिथे सावरून घेईन.

मी हे दुकानात बसून ऐकलं, आणि मधे दोन गल्ल्या आहेत. (ओळी वाईट नाहीत. पिंपं बांधणाऱ्याच्या मानाने चांगल्या घट्ट बसल्यात.) नशीब एवढंच की रेमी त्या दिवसांत नदीवर कामाला होता, रविवारी प्रार्थनेपुरता गावात यायचा, आणि नानेत घरात कोंडून घेऊन बसली होती. पण बाजाराने पाच मिनिटांत तपास लावला. तो कसा लावला, हे मला कांदेवालीने दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगितलं. “बार्ब, तुझ्या कॉर्सेटला हात कुणी लावला?” “मास्तरांशिवाय कोण लावणार?” “पट्टी कुणी कापली?” “मास्तरांनी.” “आत कुणी सरकवली?” “मास्तरांनी.” “मग काय पाद्रीबाबांनी कोरली होय गं?” तर्क बिनतोड. न्यायाधीश असतो तर मीही मला दोषी धरलं असतं.

त्या दिवसापासून माझी जी शोभा झाली, ती तुला काय लिहू! पाव आणायला गेलो तर पाववाली म्हणते, “या, श्वासाच्या शेजारी राहणारे!” न्हाव्याने माझ्या गालाला साबण लावला, वस्तरा थांबवला आणि विचारलं, “मास्तर, वारा फिरला की तुम्ही खरंच हलत नाही का हो?” वस्तरा गळ्यावर असल्यामुळे मी खरंच हललो नाही. माझी जुनी गिऱ्हाइकं, नातवंडं असलेल्या बायका, मापं देताना खुदखुदायला लागल्या. एकीने घरी गेल्यावर आपली पट्टी काढून उलटसुलट तपासली आणि काही न सापडल्याबद्दल माझ्याकडे निरोप पाठवून नाराजी कळवली.

आणि लकानूबाई? बुधवारी सकाळी माझ्या दारात, वेताच्या टोपलीत, दोन धुरावलेली हेरिंग. गुरुवारी दोन. शुक्रवारी मांसाचा उपास म्हणून चार. ताई, मला लहानपणापासून हेरिंगचा वास सहन होत नाही हे तुला माहीत आहे. परत पाठवावी तर तिला वाईट वाटेल आणि पट्टी मिळणार नाही. ठेवून घ्यावी तर गाव म्हणतं, संसार सुरू झाला. मांजर मात्र या काळात बाळसं धरून बसलंय.

मी निरोप पाठवला की तुमच्या कॉर्सेटात एक काडी उलटी गेलीय, दुरुस्तीला आणून द्या. उत्तर आलं: “तीस वर्षांत पहिल्यांदा नीट बसलाय. हात लावू नका.” मग मी स्वतः एक बारा इंची नवी पट्टी घेऊन गेलो. ती धक्क्यावर बायकांच्या घोळक्यात मासे निवडत होती. मी सांगितलं की त्या नासपतीच्या फळीला कीड होती, पट्टी बदलून देतो. “कीड?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मग त्या फळीला हात लावलेला माणूसही तपासून घ्या, मास्तर. वरून बरा दिसतो, आतून पोखरलेला असायचा.” बायका टोपल्यांवर कोसळल्या. मी म्हटलं, बाई, मला ती पट्टी फक्त एकदा बघायची आहे. त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, “आधी लग्न, मग बघणं!” आणि मी बारा इंचांची पट्टी तिथेच टाकून पळालो. या वयात मी पळालो, ताई. धक्क्यावर ओले खवले असतात. एकदा पडलोही.

असे दिवस गेले आणि पाच तारखेचा शनिवार उजाडला. सकाळी नानेतची आई दुकानात आली. लग्नासाठी शिवायला टाकलेला नवा कॉर्सेट राहू द्या म्हणाली. का, ते सांगितलं नाही, डोळे पुसले आणि जाताना विचारलं, “मास्तर, पोरगी संध्याकाळी पाद्रीबाबांना सांगायला जाणार आहे. तिचं चुकलं काय हो?” मला तोंड वर करता येईना. चुकलं माझं होतं आणि भोगत होती ती एकोणीस वर्षांची पोर. दुकान गेलं तर जाऊ दे म्हटलं. टोपी घातली आणि तडक लकानूबाईच्या धुराच्या खोलीत गेलो.

ती सळईवर हेरिंग ओवत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. दोन पट्ट्या, नियम, पालथी बाजू, रेमी, नानेत, सगळं. सांगून झाल्यावर तिने सळई टांगली, हात पुसले, आत गेली आणि धुवून घडी केलेल्या फडक्यात गुंडाळलेली पट्टी आणून माझ्या हातात दिली.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तीस वर्षं माझी मापं घेताय. एकदा तरी हात थरथरला का तुमचा? असा माणूस कशाला श्वासाबिसाच्या गोष्टी लिहितोय!”

मी चिडलो. साहजिक आहे. पंधरवडाभर गाव मला चावतंय आणि या बाईला पहिल्यापासून ठाऊक! “मग परत का नाही दिलीत? मी दोनदा मागितली!”

ती धुराकडे बघत होती. “अकरा दिवस मला कुणीतरी काहीतरी म्हटलं होतं, मास्तर. माझं नाही, दुसरीचं आहे, हे कळत होतं मला. तरी म्हटलं, राहू दे दोन दिवस. मग अजून दोन. तुम्हाला अकरा दिवस फार वाटले का?”

ताई, इतकी वर्षं या बाईचा खांदा, पाठ, कंबर मला अर्ध्या इंचाइतकी पाठ आहे, आणि ती एकटी आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. मी एवढंच म्हणालो की हे बाहेर कळलं तर माझं दुकान संपेल, पण तुम्ही खुशाल सांगा. ती म्हणाली, “जा आधी त्या पोरीकडे. बाकीचं मी बघते.”

नानेतने पट्टी वाचली, पुन्हा वाचली आणि मला मिठी मारली. रेमीने आधी माझी कॉलर धरून मला जमिनीपासून वीतभर उचललं, मग खाली ठेवून दोन्ही गालांचे मुके घेतले. दोघांनी माझं गुपित पाळायची शपथ घेतली. (रेमीची एकच तक्रार आहे: “माझ्या ओळी सगळा गाव तुमच्या नावावर म्हणतो, मास्तर!” त्याला मी काय करू?) रविवारी तिसरी हाक झाली. नानेत पुन्हा रडली आणि या वेळी गावाचा अंदाज बरोबर होता.

हे पत्र इथे संपायला हवं होतं. पण लकानूबाईने ‘बाकीचं मी बघते’ म्हटलं होतं ना! चर्चमधून सगळे बाहेर पडत असताना ती पायरीवर उभी राहिली, आणि तिचा आवाज तुला माहीत आहे, वादळात नवऱ्याला हाका मारून कमावलेला. “ऐका गं बायांनो! मास्तरांची पट्टी मी काल परत केली. माणूस सज्जन आहे, ओळी छान आहेत, पण मला लग्न करायचं नाही. यापुढे कुणी त्यांना चिडवलं तर माझ्याशी गाठ आहे!” झालं. पट्टी कुठे गेली याचा जाब मिटला, रेमीचं नाव आलं नाही, दुकान वाचलं. आणि मी? काल न्हाव्याने माझी दाढी फुकट केली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “होतं असं, मास्तर. वेळ लागतो विसरायला.” पाववालीने गोड पाव दिला. पाद्रीबाबा माझ्या कानाशी येऊन ओरडले की देवाच्या इच्छेपुढे इलाज नाही, आणि ते सगळ्या गल्लीने ऐकलं. उर्स्युलताई, मी विचारलंच नव्हतं! साधी ओळखीची चौकशीसुद्धा केली नव्हती! न विचारता नकार मिळालेला आणि त्याबद्दल सबंध गावाकडून सांत्वन करून घेणारा नॉर्मंडीतला मी एकटाच असेन. ही बाई उद्धट आहे, हट्टी आहे, तिच्या अंगाला धुराचा वास येतो, आणि कालपासून हेरिंगही बंद झालीत. मांजर दारात बसून रडतंय. मी आता या प्रकरणाचं नावही काढणार नाही.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना हंसाची चरबी चोळ, बदकाची नको.

तुझा भाऊ
आन्सेल्म

ता. क. कोकराचं पातळ कातडं रुआँला चांगलं मिळतं. कडांसाठी दोन हात लांब पट्टा पाठव. नानेतचा नवा कॉर्सेट शनिवारपर्यंत द्यायचा आहे.

ता. क. दुसरा. माझ्या एका गिऱ्हाइकाला पट्टीवर कोरायला चार ओळी हव्या आहेत. लहानपणी आपल्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना तूच लिहून द्यायचीस, म्हणून तुला विचारतो. गिऱ्हाईक पोक्त आहे, तेव्हा चंद्रबिंद्र नको. मत्स्यव्यवसायाचा उल्लेख आला तर बरं. पट्टी बारा इंची आहे. घाई नाही, पण परतीच्या गाडीने आलं तर चालेल.

ता. क. तिसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी. पत्राला लाख लावून ठेवलं होतं, ती फोडून लिहितो. (दाजी, आता खरंच वाचू नका.) आज दुकान उघडताच लकानूबाई आली. कॉर्सेट टेबलावर टाकला आणि म्हणाली, पट्टीवाचून पाठ दुखते, मासे उलथता येत नाहीत. मी ती बारा इंची काढून दाखवली. हो, ती धक्क्यावर टाकलेली तिनेच उचलून ठेवली होती आणि काल कुणाबरोबर तरी परत पाठवली होती. तिने ती दोन्ही बाजूंनी पाहिली. “कोरी आहे,” म्हणाली. मी म्हटलं, “हो, पण तुम्ही तर मला नाही म्हटलंय. सगळ्या गावासमोर.”

“ते त्या पोराच्या ओळींना,” ती म्हणाली. “तुम्ही अजून विचारलंय कुठे?”

माझ्या हातात मापाची फीत होती. ती थरथरत होती, ताई, आणि तिने ते पाहिलं. मग दारापर्यंत जाऊन वळली आणि मला दम दिल्यासारखी म्हणाली, “काय लिहायचं ते नीट विचार करून लिहा. मला वाचता येत नाही. वाचून दाखवायला रोज माणूस लागेल.”

तेव्हा ताई, चार ओळींचं राहू दे. जरा लांबच लिही.